गाडीतल्या स्विचचे दिवे एलईडीवर नेताना: बल्ब काढण्यापासून उजेड जुळवण्यापर्यंत

पॉवर विंडोच्या बटणामागे, एसीच्या नॉबमध्ये, हजार्डच्या लाल त्रिकोणाखाली जुन्या गाड्यांत गव्हाच्या दाण्याएवढा तंतूचा बल्ब बसवलेला असतो. टी५ मापाचा नेहमीचा बल्ब १.२ वॉटचा, म्हणजे १०० मिलिअँपिअर करंट घेणारा. त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाते, म्हणून बल्बच्या डोक्यावरचं प्लॅस्टिक काही वर्षांत पिवळट आणि ठिसूळ होतं. रस्त्याचे हादरे खाऊन एक दिवस तंतू तुटतो आणि ते बटण रात्री चाचपडत शोधावं लागतं. तिथे एलईडी बसवला तर ५ मिलिअँपिअरच्या आतच काम भागतं आणि तेवढ्यासाठी पॅनल पुन्हा उघडावं लागत नाही.

सोल्डरिंगची थोडी सवय असेल तर एका दारामागे दोनेक तास धरा. सोल्डरिंगला सगळे घाबरतात, पण तिथे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते उजेडात. बटण डोळ्यांवर येतं, मधला ठिपका लख्ख आणि कडेची अक्षरं अंधारात राहतात, शेजारच्या बटणाशी रंग जुळत नाही. म्हणून खाली रेझिस्टर (करंट कमी ठेवणारा छोटा भाग) आणि उजेड पसरवणं यावर जास्त लिहिलं आहे.

आधी आत काय आहे ते पाहा

स्विच उघडून पाहिल्याशिवाय सामान विकत घेऊ नका. आत तीनपैकी एक मांडणी सापडते.

पहिली म्हणजे फिरवून निघणारा होल्डर. स्विचच्या मागे छोटी प्लॅस्टिकची टोपी आणि तिच्यावर स्क्रूड्रायव्हरची खाच असते. पाव फेरा डावीकडे फिरवला की होल्डरसकट बल्ब हातात येतो. बल्बचे तारेचे दोन बारीक पाय होल्डरच्या दोन बाजूंना वळवलेले असतात आणि तेच बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना टेकतात. सगळ्यांत सोपं काम हेच.

दुसऱ्या प्रकारात बल्ब थेट बोर्डावर सोल्डर केलेला असतो. त्याच्यावर पुष्कळदा हिरवी, निळी किंवा नारिंगी रबरी टोपी चढवलेली असते. रंग त्या टोपीचा असतो, बल्ब साधाच. ती टोपी जपून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

तिसरा प्रकार नव्या गाड्यांत दिसतो. बल्ब नसतोच, बोर्डावर चौकोनी एसएमडी (पाय नसलेला, थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर होणारा) एलईडी असतो आणि आपल्याला फक्त रंग बदलायचा असतो. वरवर सोप्या वाटणाऱ्या या कामातच सगळ्यांत मोठी गोम आहे. ती पुढे येईल.

आणखी एक गोष्ट तपासा. एका बटणात दोन दिवे असू शकतात: पार्किंग लाइट लावल्यावर चिन्ह उजळवणारा एक, आणि एसी किंवा मागच्या काचेचा डीफॉगर चालू आहे हे दाखवणारा दुसरा. हा दुसरा दिवा जुन्या गाड्यांतही बऱ्याचदा एलईडीच असतो. त्याला हात लावू नका. एअरबॅग, ब्रेक यांसारख्या इशाऱ्याच्या दिव्यांचे रंगही बदलू नका. तिथे लाल म्हणजे धोका आणि पिवळा म्हणजे सावधान, हे ठरलेले अर्थ आहेत.

सामान

सोल्डरिंग आयर्न तापमान लावता येणारं असेल तर उत्तम, नाहीतर बारीक टोकाचं २५ ते ३० वॉटचं चालेल. सोबत ०.६ ते ०.८ मिमीची शिसंमिश्रित सोल्डर तार, रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं द्रव्य), २ मिमी रुंदीची सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी, टोकदार चिमटा, मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ४०० नंबरचा पॉलिशपेपर आणि प्लॅस्टिकची पॅनल उचकटणी घ्या. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने पॅनल उचकटलं तर कडेला पडलेली खोक कायमची राहते.

रेझिस्टर पाव वॉटचे घ्या, प्रत्येक मापाचे पाच-सहा: १.२ किलोओहम (तपकिरी, लाल, लाल), २.२ किलोओहम (लाल, लाल, लाल), ४.७ किलोओहम (पिवळा, जांभळा, लाल) आणि १० किलोओहम (तपकिरी, काळा, नारिंगी). एक १० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टरही घ्या. या छोट्या वस्तूवर पुढचं बरंच काम अवलंबून आहे.

एलईडी निवडताना

होल्डरच्या आणि सोल्डर केलेल्या बल्बच्या जागी ३ मिमीचा पायवाला एलईडी सहसा नीट मावतो. ५ मिमीचा घेण्याआधी बल्बच्या भोकाचा व्यास मोजा. बल्ब चहूबाजूंनी उजेड टाकतो, गोल डोक्याचा एलईडी मात्र समोरच्या १५ ते ३० अंशांत झोत टाकतो, आणि मधला लख्ख ठिपका येतो तो यामुळेच. सपाट डोक्याचा, १२० अंश पसरवणारा एलईडी मिळाला तर तोच घ्या. नाहीतर गोल डोकं ४०० नंबरच्या पॉलिशपेपरवर घासून सपाट आणि दुधट करा. आतल्या चिपपासून किमान १ मिमी वर थांबा. चिपला वर जोडलेली तार केसाहून बारीक असते. तिथपर्यंत घासलं की एलईडी गेला.

रंगाचा नियम साधा आहे. पुढच्या चिन्हाची फिल्म ज्या रंगाची, तो रंग एलईडीच्या उजेडात असायलाच हवा. हिरव्या फिल्ममागे लाल एलईडी लावला तर जवळपास काहीच दिसत नाही. निळा एलईडी नारिंगी फिल्ममागेही असाच मरतो. पांढरा एलईडी सगळीकडे चालेल असं वाटतं, पण नेहमीचा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर. त्याच्या उजेडात लाल रंग कमी असतो, म्हणून हजार्डचा लाल त्रिकोण त्याच्यापुढे फिका, गुलाबीसर दिसतो. लाल चिन्हामागे लालच एलईडी लावा.

पांढरा घ्यायचाच असेल तर ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार घ्या. त्याचा रंग जुन्या बल्बच्या जवळ जातो आणि मूळ रबरी टोपी त्याच्यावर चढवली तर आधीचाच रंग मिळतो. निळ्या दिव्यांची हौस पुष्कळांना असते, पण स्विचसाठी तो रंग टाळलेला बरा. अंधाराला सरावलेला डोळा निळसर-हिरव्या उजेडाला सर्वांत संवेदनशील आणि लालला सर्वांत कमी. निळा उजेड थोडा जास्त झाला तरी चकाकतो, चिन्हाच्या कडा धूसर होतात आणि समोरच्या अंधारातलं नीट दिसत नाही. अंबर (पिवळसर नारिंगी) किंवा लाल रंगात ही अडचण येत नाही.

तयार टी५ एलईडी बल्ब रेझिस्टरसकट मिळतात. मीटरमध्ये ते ठीक, पण स्विचमध्ये बहुधा गरजेपेक्षा जास्त उजेड देतात आणि तो कमी करायची सोय नसते.

रेझिस्टरचा हिशोब

गाडीची बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, पण चालू इंजिनवर १४.४ व्होल्टपर्यंत जाते. हिशोब नेहमी १४.४ धरून करायचा. पांढरा, निळा आणि आजचा तेजस्वी हिरवा एलईडी स्वतःवर साधारण ३.२ व्होल्ट घेतो. लाल आणि अंबर साधारण २ व्होल्ट. उरलेले व्होल्ट रेझिस्टरवर पडतात.

पांढऱ्यासाठी १४.४ वजा ३.२ म्हणजे ११.२ व्होल्ट. १.२ किलोओहमने भागलं की सुमारे ९ मिलिअँपिअर, २.२ किलोओहमने ५, ४.७ किलोओहमने २.४ आणि १० किलोओहमने जेमतेम १. एलईडीच्या पाकिटावर २० मिलिअँपिअर छापलेलं असतं. ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. आजचा पांढरा एलईडी २० वर चालवला तर रात्री त्या बटणाकडे बघवत नाही. स्विचच्या चिन्हाला बहुधा १ ते ५ मिलिअँपिअर पुरतात.

१.२ किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये सुमारे ०.१ वॉट उष्णता होते. पाव वॉटच्या रेझिस्टरला ते झेपतं. ०८०५ मापाचा एसएमडी रेझिस्टर मात्र साधारण ०.१२५ वॉटचाच असतो, म्हणून १.२ किलोओहमला त्याहून मोठं १२०६ माप घ्या.

उघडण्याआधी

चावी काढा आणि बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडवा. त्याआधी रेडिओला कोड लागतो का ते पाहून ठेवा. टर्मिनल सोडवल्यावर एअरबॅगसाठी गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. पिवळ्या वेष्टनातल्या तारा आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना मल्टिमीटरचं टोकसुद्धा लावू नका, कारण मीटरचा स्वतःचा करंटही तिथे नको असतो. याच कारणासाठी स्टीअरिंगवरची बटणं घरी उघडू नयेत.

पॅनल थंडीत उचकटलं तर क्लिपा तुटतात. गाडी उन्हात किंवा उबदार जागी थोडा वेळ ठेवून मग हात घाला. कनेक्टर काढताना खटका पूर्ण दाबा आणि कनेक्टर धरून ओढा, तारा धरून नाही.

विंडोचा मुख्य स्विच उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. बटणाच्या टोपीखाली बारीक स्प्रिंग, कधी स्टीलची गोळी आणि तांब्याची हलणारी पट्टी असते. टोपी सुटली की स्प्रिंग उडते. म्हणून पारदर्शक पिशवीत हात घालून, खाली पांढरा कपडा अंथरून उघडा. ग्रीस पुसून टाकू नका. ते तिथे मुद्दाम लावलेलं असतं. काही स्विचमध्ये सिलिकॉनचं पॅड असतं आणि त्यावर काळे कार्बनचे ठिपके असतात. त्यांना बोट लावलं तर त्वचेचं तेल बसून बटण अधूनमधून चालेनासं होतं. चुकून लागलंच तर अल्कोहोलने हलकेच पुसा.

होल्डरचा बल्ब

जुना बल्ब पाय सरळ करून ओढून काढा. एलईडीचा लांब पाय धन, आखूड ऋण. कडेला सपाट खाप असते ती ऋण बाजू. एका पायाला रेझिस्टर सोल्डर करा, त्यावर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा, मग दोन्ही पाय होल्डरच्या खोबणीतून जुन्या पायांसारखेच वळवून बसवा. होल्डर लहान असेल तर पाव वॉटचा रेझिस्टर मावत नाही. तेव्हा १२०६ मापाचा एसएमडी रेझिस्टर पायाच्या मध्ये बसवा: पाय कापायचा, दोन टोकांत रेझिस्टर धरायचा आणि दोन्हीकडे सोल्डर द्यायचं.

एलईडीचे पाय बल्बच्या पायांपेक्षा जाड आणि ताठ असतात. होल्डर फिरवताना ते बोर्डावरची पट्टी खरवडू शकतात, म्हणून वळवलेला भाग पकडीने दाबून चपटा करा.

दिवा लागला नाही तर होल्डर अर्धा फेरा उलटा बसवून पाहा. बल्बला धन-ऋण नसतं, एलईडीला असतं. उलट बाजूने बहुतेक एलईडी ५ व्होल्टच सहन करतात. मध्ये रेझिस्टर असल्याने थोड्या वेळात तो सहसा जात नाही, पण तसाच ठेवून देऊ नका.

सोल्डर केलेला बल्ब

कारखान्यातलं सोल्डर बिनशिशाचं असेल तर ते २१७ अंशांच्या वर वितळतं. आपलं ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशांवर. म्हणून सोल्डरच्या जुन्या डागावर आधी थोडं आपलं सोल्डर घाला, दोन्ही मिसळू द्या आणि मग जाळीने शोषून घ्या. नुसतं तापवत बसलात तर तांब्याचा वाटोळा पॅडच बोर्डावरून सुटतो. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा आणि एका डागावर ३ सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. एलईडीचा पाय सोल्डर करताना वर चिमट्याने धरा म्हणजे उष्णता चिमट्यात जाते.

रेझिस्टर एका पायाशी उभा बसवता येतो. उंची पुरत नसेल तर बोर्डावरची तांब्याची वाट पात्याने १ मिमी कापून त्या फटीवर एसएमडी रेझिस्टर आडवा बसवा. एलईडीचं डोकं जुना बल्ब जिथे होता त्याच उंचीवर ठेवा. प्रकाश वाहून नेणारा प्लॅस्टिकचा दांडा त्याच जागेवरून उजेड घेतो. २ मिमी खाली-वर झालं तरी एखादं अक्षर अंधारात जातं.

एसएमडी एलईडीचा रंग बदलताना

गोम इथे आहे. कारखान्याच्या बोर्डावर कधी कधी तीन-चार अंबर एलईडी एकापाठोपाठ एका साखळीत जोडलेले असतात. चार अंबर म्हणजे ८ व्होल्ट, उरलेले रेझिस्टरवर. त्यांच्या जागी चार पांढरे लावले तर १२.८ व्होल्ट होतात. इंजिन बंद असताना ते जवळपास पेटतच नाहीत आणि इंजिन चालू झालं की मंद लागतात. अशा बोर्डावर साखळी तोडून प्रत्येकाला किंवा दोघांना स्वतंत्र रेझिस्टर द्यावा लागतो, नाहीतर अंबर-लालमध्येच समाधान मानावं.

उलटही घडतं. जुन्या कमी उजेडाच्या हिरव्या एलईडीसाठी बोर्डावर ६८१ छापलेला, म्हणजे ६८० ओहमचा रेझिस्टर असेल आणि तिथे आजचा पांढरा एलईडी लावला तर त्यातून १६ मिलिअँपिअर जातात आणि बटण टॉर्चसारखं चमकतं. एलईडीसोबत रेझिस्टरही बदला.

पांढरे, निळे आणि हिरवे एलईडी स्थिर विजेने बिघडू शकतात. हाताळण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. धन-ऋण छापलेल्या खुणेवरून ठरवू नका, कारण खुणा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. मल्टिमीटरच्या डायोड जागेवर तपासा. मीटरने पांढरा एलईडी लागला नाही तर ९ व्होल्टची बॅटरी आणि १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून पाहा.

उजेड जुळवणं

हे काम टेबलावर करू नका. रात्री, गाडीत बसूनच करा. पहिल्या एलईडीला पक्का रेझिस्टर लावण्याआधी १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १० किलोओहमचा प्रीसेट एकापुढे एक जोडा, लांब तारांनी बाहेर आणा आणि स्विच जागेवर तात्पुरता बसवा. सगळे कनेक्टर जोडून मगच बॅटरी लावा. इंजिन चालू करा, पार्किंग लाइट लावा, पाच-दहा मिनिटं अंधारात बसून डोळे सरावू द्या. मग प्रीसेट फिरवत जा आणि शेजारच्या न बदललेल्या बटणाएवढा उजेड झाला की थांबा. प्रीसेट सोडवून मल्टिमीटरने मोजा, त्यात १ किलोओहम मिळवा आणि जवळचा वरचा रेझिस्टर लावा. प्रीसेट शेवटच्या टोकाला जाऊनही उजेड जास्तच वाटत असेल तर १ ऐवजी १० किलोओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा पाहा.

डोळ्याला निम्मा करंट म्हणजे निम्मा उजेड वाटत नाही. ५ वरून ४ मिलिअँपिअरवर आणलं तर फरक कळतसुद्धा नाही. म्हणून रेझिस्टर बदलायचाच तर दुपटीच्या टप्प्याने बदला: १.२, २.२, ४.७, १०.

एकाच पाकिटातले, एकाच रंगाचे एलईडी सगळीकडे वापरा. वेगवेगळ्या पाकिटांतल्या पांढऱ्यांत एक निळसर आणि एक पिवळसर निघतो आणि शेजारी लागल्यावर ते लगेच डोळ्यांत भरतं. मोठ्या चिन्हामागे ठिपका दिसत असेल तर एलईडीच्या डोक्यावर दुधट प्लॅस्टिकचा पातळ तुकडा ठेवा किंवा बल्बच्या पोकळीला आतून पांढरा रंग द्या.

डिमर

मीटरचा उजेड कमी-जास्त करणारं चाक स्विचच्या दिव्यांनाही लागू असेल तर त्याचा प्रकार जाणून घ्या. नव्या गाड्यांतला डिमर वीज भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतो. त्यावर एलईडी नीट मंद होतो. कधी नजर फिरवताना थरथर जाणवते, कारण बल्बचा तंतू गरम राहून ती लपवतो आणि एलईडी लपवत नाही. जुन्या गाड्यांत डिमर म्हणजे एक बदलता रेझिस्टर. त्यातून पुरेसा करंट वाहिला तरच व्होल्ट पडतात. सगळे बल्ब काढून एलईडी लावले तर करंट इतका कमी होतो की चाक फिरवूनही काही होत नाही. मीटरचे काही मूळ बल्ब त्याच सर्किटवर तसेच ठेवा, म्हणजे डिमर काम करत राहतो. अशा गाडीत दोन पांढरे एलईडी एका साखळीत जोडू नका. डिमरने व्होल्ट ६ वर आणले की एकेरी एलईडी मंद लागतो, जोडी विझते.

काही गाड्यांत हा डिमर ऋण बाजूला असतो. तिथे एलईडीची ऋण तार सोयीसाठी गाडीच्या पत्र्याला जोडली की डिमर वगळला जातो आणि दिवा कायम पूर्ण उजेडात राहतो. दोन्ही तारा जुन्या बल्बच्याच दोन जागांना जोडा. व्होल्टही तिथेच, बल्बच्या दोन टोकांमध्ये मोजा.

बसवल्यावर

दिवे बंद केल्यावरही एलईडी अंधुक पेटलेला दिसत असेल तर कंट्रोल युनिटमधून थोडा करंट पाझरतोय. बल्ब त्यावर कधीच लागला नसता. एलईडीला तेवढा पुरतो. एलईडी आणि त्याचा रेझिस्टर या जोडीला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. त्याच्यात १४.४ व्होल्टवर सुमारे ०.२ वॉट उष्णता होते, म्हणून अर्धा वॉटचा घ्या आणि प्लॅस्टिकपासून थोडा दूर ठेवा.

दिवा हादऱ्यासरशी लागत-विझत असेल तर होल्डरचे पाय पट्टीला नीट टेकत नाहीत. पाय किंचित बाहेर वाकवा. सोल्डर केलेला असेल तर डाग भिंगाखाली पाहा. भोवती गोल भेग दिसली की फ्लक्स लावून पुन्हा वितळवा.

बॅटरी सोडवल्यामुळे एका झटक्यात वर जाणारी काच अर्ध्यावर थांबू लागते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, मग पूर्ण वर नेऊन तसंच ओढून ठेवायचं. नेमकी रीत मॅन्युअलमध्ये असते. चारही दारांवर हे एकेक करून करा.